कोथिंबिरीची सायकल

2010 च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीसाठी पालिकेच्या शाळेतल्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदरानं घाम पुसला आणि भराभर विचारत सुटल्या. भिंती कशाच्या, छत कशाचं, नळ घरात की बाहेर, रेडिओ आहे का, टीव्ही आहे का. मग म्हणाल्या, ‘‘सायकल?’’

‘‘दोन,’’ मी छाती काढून म्हणालो.

‘‘आहे ना? मग झालं,’’ असं म्हणत त्यांनी खूण केली आणि त्या स्कूटरकडे वळल्या.

देशातल्या जवळजवळ 45 टक्के घरांत सायकल आहे असं त्या जनगणनेतून निघालं. कुणाकडे किती, हे सरकारनं विचारलंच नव्हतं. सायकल एक तर असते किंवा नसते, इतकंच सरकारचं म्हणणं. सरकारबद्दल मला क्वचितच आदर वाटतो. त्या दिवशी वाटला. कारण ‘किती’ हा प्रश्न सरकारला पडला नसला तरी माझ्या बायकोला पडलेला होता, आणि माझी बायको बँकेच्या ऑडिट विभागात आहे.

दुसऱ्यांच्या बायका ‘अगं बाई, अजून एक?’ म्हणून कपाळाला हात लावत असतील. आमच्याकडे कपाळ मोकळं असतं, हातात वही असते. त्या वहीत सायकलींचं एक स्वतंत्र पान आहे. खरेदीची तारीख, किंमत, कुठे ठेवली आहे, आणि शेवटचा रकाना ‘वापर (किमी)’. मार्चअखेर आली की इतर घरांत कर वाचवायची धावपळ चालते. मी फेब्रुवारीतच पहाटे उठून कात्रजचा घाट चढायला लागतो, आकडे जुळावेत म्हणून. एका मार्चला तिनं तिसऱ्या सायकलीची किंमत, म्हणजे 41,400 रुपये, वर्षभरात चाललेल्या 46 किलोमीटरांनी भागली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘‘नऊशे रुपये किलोमीटर. रिक्षानं गेला असतास तरी चाललं असतं. रिक्षावाल्याला जेवायला घातलं असतं तरी परवडलं असतं.’’

खरं तर या विषयावर जगात विचार झालेला आहे. वेलोमिनाती नावाची सायकलवेड्यांची एक आंतरराष्ट्रीय मंडळी आहे. मोजे किती उंच असावेत, पायांवरचे केस काढावेत की नाहीत, इथपर्यंत त्यांचे नियम आहेत. त्यातला बारावा नियम सायकलींच्या संख्येचा. कमीत कमी तीन हव्यातच. पण योग्य आकडा म्हणजे एन अधिक एक, आणि एन म्हणजे सध्या तुमच्याकडे आहेत तितक्या. दोन असतील तर तीन, तीन असतील तर चार. नववीत आम्हाला बीजगणित शिकवणाऱ्या सरांनी असं उदाहरण घातलं असतं तर माझे गुण नक्की वाढले असते.

त्याच नियमात दुसरी मांडणीही आहे: एस वजा एक. एस म्हणजे जितक्या सायकली झाल्यावर जोडीदार काडीमोड घेईल तो आकडा. तिथून एक खाली थांबायचं. शास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. अडचण एवढीच की एसची किंमत काढायची तर प्रयोग करावा लागतो, आणि प्रयोग एकदाच करता येतो. शिवाय आमचा फ्लॅट हिच्या नावावर आहे. म्हणजे एस गाठला तर घर सोडून मी जाणार, तेही सगळ्या सायकलींसकट. आणि एका वेळी माणूस एकच चालवू शकतो.

माझ्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. आमच्या घरात ‘सायकल’ या शब्दाला अनेकवचनच नव्हतं. ‘सायकल कुठाय?’ असं कुणी विचारलं की कुठली सायकल, असा प्रतिप्रश्न यायचा नाही. ती होती काळी, चोवीस इंची, पूर्ण चेनकव्हरची. वडील कसब्यातून खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचे, एकतीस वर्षं, याच सायकलवर. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून हजारो सायकली एकदम बाहेर पडत. पुलावर उभं राहून बघितलं की नदी वर वाहतेय की खाली, असा संभ्रम व्हावा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते त्या दिवसांत, आणि त्या गर्दीतल्या कुणालाही आपण सायकलप्रेमी आहोत याची कल्पना नव्हती.

त्या एका सायकलवर काय काय व्हायचं! नळीला टॉवेल गुंडाळून मी, कॅरिअरवर आई, आईच्या मांडीवर बहीण. गॅसचं सिलिंडर. गणपती आणताना मी मागे उलटा बसून मूर्ती मांडीवर धरलेली, आणि वडील प्रत्येक खड्ड्याआधी ‘धर!’ म्हणून ओरडायचे. दर रविवारी दळणाचा दहा किलोचा डबा. शर्यतीची सायकल 6.8 किलोच्या खाली नेऊ नका, असा सायकलिंगच्या जागतिक संघटनेला नियम करावा लागलाय, इतक्या त्या हलक्या होत चालल्यात. वडिलांच्या कॅरिअरवरचं दळणच त्यांच्या अख्ख्या सायकलीपेक्षा जड असायचं. सायकलकराचा पालिकेचा बिल्ला हँडलखाली स्क्रूनं पक्का केलेला. डायनामो खाली पाडला की चाक जड व्हायचं आणि दिवा तांबूस पेटायचा. नाही पेटला तर कोपऱ्यावरचा पोलीस न बोलता खाली वाकून दोन्ही चाकांची हवा सोडायचा. दंडाची पावती नाही, काही नाही. पंपवाला शेजारीच बसलेला असे. त्या दोघांचं काही नातं होतं का, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दर दिवाळीआधी सायकल ‘ओव्हरऑइलिंग’ला जायची. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात कळलं. तरी दुकानदाराचाच शब्द बरोबर, असं माझं मत आहे. तो सगळी सायकल उकलून रॉकेलच्या परातीत भिजत घालायचा, छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवायचा आणि शेवटी इतकं तेल पाजायचा की आठवडाभर वडिलांच्या विजारीच्या उजव्या पायावर नवी नक्षी दिसायची.

1996 मध्ये मी स्कूटर घेतली आणि जिन्याखाली जागा हवी म्हणून ती सायकल भंगारवाल्याला दिली. एकशे वीस रुपये आले. वडील काही म्हणाले नाहीत. फक्त भंगारवाला वजनकाटा लावत होता तेव्हा आतून पाना आणला आणि घंटी काढून घेतली. ‘‘हिचं काय वजन होणारे,’’ म्हणाले. ती घंटी आजही आमच्याकडे आहे आणि वापरात आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

तेरा वर्षांनी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद माझ्यापुढे धरला, आणि मी हायब्रिड नावाची सायकल घेतली. पहिली सायकल नेहमी औषध म्हणून येते. तिला कुणी नावं ठेवत नाही. मग एका मित्रानं मला ब्रेव्हेला नेलं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत, स्पर्धा नव्हे, फक्त पूर्ण करायचं. खंबाटकीच्या घाटात माझ्या पायांना मुंग्या आल्या, सुरूरला वडापाव खाल्ला तो खाली जाईना, आणि मी तेरा तास वीस मिनिटांत परत आलो तेव्हा सोसायटीचा वॉचमन मला ओळखेना. या अनुभवातून शहाण्या माणसानं काय निष्कर्ष काढला असता हे मला ठाऊक आहे. मी असा काढला की दोष सायकलचा आहे. म्हणून रोड बाईक आली. जनगणनेच्या बाईंना सांगितलेली दुसरी ती.

रोड बाईकचं चाक इतकं बारीक की पानशेतच्या रस्त्यावरच्या खडीवर ती थरथरायची, म्हणून जाड चाकांची एमटीबी. तीच ती नऊशे रुपये किलोमीटरवाली. मग फोल्डिंगची. ती घेण्यामागचा विचार उदात्त होता: घडी करायची, लोकलमध्ये घालायची, लोणावळ्याला उतरून उघडायची. असं एकदा केलंही. तळेगावला चढलेल्या एका आजींनी सीटखालच्या त्या गाठोड्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘शिलाई मशीन का? सुनेला?’’ मी हो म्हणालो. लोणावळ्यापर्यंत मग सुनेबद्दलच बोलणं झालं. माझ्या नसलेल्या सुनेचं एकंदर बरं चाललंय.

ही सायकल घरात आली तेव्हा आई फक्त ‘भिकेचे डोहाळे’ एवढंच म्हणाली.

राहिली पाचवी. तिच्याबद्दल कायदेशीर वाद आहे, कारण तिला चाकं नाहीत. नुसती फ्रेम, जुन्या पोलादाची, सुंदर वळणाची, बेडरूमच्या भिंतीवर टांगलेली. माझं म्हणणं, ही सायकल नव्हेच, वहीत येऊ नये. बायकोचं म्हणणं, जागा खाते म्हणजे आहे. मी तिला मिलिंदपञ्हातला दाखला दिला. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो: दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठेय?

‘‘मिलिंद राजाचा फ्लॅट साडेसहाशे चौरस फुटांचा नव्हता,’’ बायको म्हणाली आणि पाचव्या ओळीत ‘फ्रेम (अपूर्ण)’ असं लिहून तिनं कंसात तारीख घातली.

मी इतरही मार्ग चोखाळले. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, माणशी साधारण एक पूर्णांक तीन. आपल्या घरात आई, तू, मी आणि मुलगी, चार माणसं. म्हणजे पाच सायकली तर नेदरलँड्सच्या सरासरी मापातच बसतात, असा हिशेब मी एका रविवारी मांडला. बायकोनं तो तपासून बघितला. ‘‘आकडेमोड बरोबर आहे. आता आईंना विचारून ये, त्यांच्या वाट्याची त्यांना घडीची हवी की डोंगरावरची.’’

दुसऱ्यांदा मी इतिहासाचा आधार घेतला. मुंबईचे काही पारशी तरुण 15 ऑक्टोबर 1923 ला सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. सहा निघाले, तिघांनी पुरी केली: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. इराण, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया करत, एकाहत्तर हजार किलोमीटर तुडवून, मार्च 1928 मध्ये परत. मी अगदी भारावून सांगत होतो. सांगून झाल्यावर शांतता पसरली. मग प्रश्न आला, ‘‘प्रत्येकी किती सायकली?’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी सुधारलो नाही. उलट तिला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात घेऊन गेलो. तिथे दीडशेहून जास्त जुन्या सायकली आहेत. खरा छंदिष्ट किती सायकली ठेवतो ते तिनं डोळ्यांनी बघावं, आणि माझ्या पाच तिला किरकोळ वाटाव्यात, असा माझा डाव. ती मन लावून बघत फिरली. दुसऱ्या महायुद्धातल्या, छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेल्या बीएसएच्या घडीच्या सायकलीपुढे तर बराच वेळ थांबली.

‘‘हिला घेऊन ते विमानातून उडी मारायचे?’’

‘‘हो ना! बघ, घडीची सायकल म्हणजे काय चीज असते.’’

‘‘तू लोणावळ्याला गेलास,’’ ती म्हणाली, आणि पुढे गेली.

सर्वांत हुशारीचा उपाय मात्र मला आणि माझ्या एका मित्राला मिळून सुचला होता. रोड बाईक घेतल्यावर मी ती त्याच्या तळमजल्यावर ठेवली आणि त्यानं त्याची नवी माझ्याकडे. मी घरी सांगितलं, त्याची आहे, बिचाऱ्याला जागा नाही. त्यानं त्याच्या घरी माझ्याबद्दल हेच सांगितलं. दोन्ही घरांत आम्हाला माणुसकीबद्दल मान मिळाला. रविवारी सकाळी मी त्याच्याकडे जायचो, तो माझ्याकडे यायचा, आणि वाटेत कर्वे रस्त्यावर आम्ही एकमेकांना हात करायचो. सात महिने हे चाललं. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. वाण लुटता लुटता एक बाई दुसरीला म्हणाली, ‘‘तुमच्या ह्यांची सायकल आमच्याकडे पडलीय हो, पण असू दे, काही घाई नाही.’’ दुसरी म्हणाली, ‘‘आमच्याकडे नाही का तुमच्या ह्यांची?’’ तिळगूळ तसाच हातात राहिला म्हणे. दोन सायकली त्याच रात्री आपापल्या घरी गेल्या आणि आम्ही दोघं नंतर बरेच दिवस फोनवर हळू आवाजात बोलत होतो.

तर असा मी पाच सायकलींचा धनी. आता गेल्या महिन्यातल्या त्या रविवारकडे येतो.

सकाळी आठ वाजता माझी मावशी आणि तिचे यजमान येणार होते. पोहे भिजले होते, कांदा चिरून झाला होता, आणि आईच्या लक्षात आलं की कोथिंबीर नाही. कोथिंबिरीवाचून पोहे आमच्याकडे पाहुण्यांना देत नाहीत. पाहुणे थांबवून ठेवतात. आईनं घंटी वाजवली. ती हीच घंटी. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आई वॉकर घेऊन चालते, आणि मी वडिलांच्या सायकलीची घंटी एक वॉशर घालून त्या वॉकरच्या दांडीला बसवून दिलीय. ट्रिंग म्हणजे पाणी. ट्रिंग ट्रिंग म्हणजे इकडे ये. त्याहून जास्त म्हणजे काहीतरी सांडलंय. आमच्या घरात रोज चालणारं, वेळेवर ऑइलिंग होणारं आणि घंटी असलेलं वाहन सध्या ते एकच आहे.

‘‘एवढ्या सायकली आहेत, पटकन जाऊन ये,’’ आई म्हणाली.

भाजीवाली बाई सव्वा किलोमीटरवर, चौकातल्या बँकेच्या कठड्यापाशी बसते. मी उत्साहानं उठलो. हायब्रिड घ्यायला गेलो तर ती दुकानात. मागचं चाक ‘आऊट’ झालं होतं, ते काढायला दिलं होतं. रोड बाईक होती, पण तिच्या पेडलला नेहमीची चप्पल चालत नाही, खाली लोखंडी कडी असलेले बूट लागतात. ते बूट घालून भाजीवालीपुढे उभं राहिलं की माणूस फरशीवर घोड्यासारखा टपटपतो आणि घसरतो. ते सोसलं असतं, पण रोड बाईकला स्टँड नाही. ती बँकेच्या कठड्याला टेकवली आणि एका हातानं धरून ठेवली, तर जुडी निवडायला हात उरतो एक, आणि एका हातानं कोथिंबीर निवडणारा माणूस फसतोच. शिवाय जुडी ठेवायची कुठे? पाठीवरच्या तीन खिशांच्या त्या झगझगीत बनियनमध्ये? एकदा ठेवली होती. दोन दिवस तिचा वास येत होता आणि घाटात मागून येणाऱ्या एकानं ‘कुणी चटणी आणलीय का?’ असं विचारलं होतं.

एमटीबी पंक्चर. केव्हापासून, ते वहीत बघावं लागेल. घडीची सायकल दिवाणात, गोधड्यांच्या खाली, रुखवतातल्या पितळी घंगाळाच्या मागे. ती काढायची म्हणजे लग्नापासूनचा संसार उपसायचा. पाचवीला चाकं नाहीत.

मी चालत गेलो.

चालताना बरंच दिसतं. मला असं दिसलं की सव्वा लाखाच्या आसपासचा माल घरात ठेवून मी पिशवी हलवत निघालोय. परत येताना मागून टण टण झालं. जुन्या काळ्या सायकलीवर एक आजोबा, पंचाहत्तरीचे तरी. पायात साधी चप्पल, विजारीला क्लिप, कॅरिअरला रबरी पट्टा, पट्ट्याखाली पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. चढ होता, तरी माझ्या पुढे गेले. जाताना मला ओलांडतो आहोत याची त्यांनी बोटानं सभ्य सूचना दिली. माझ्या पाचही सायकलींना मिळून एक घंटी नाही. घंटीनं वजन वाढतं, म्हणून.

पोह्यांवर कोथिंबीर पडली, पण ती वीस मिनिटं उशिरा पडली आणि मावशीचे यजमान ‘एवढ्या सायकली भिंतीला टांगून ठेवल्या आहेत, त्या कशासाठी?’ असं विचारून मोकळे झाले. मी उत्तर दिलं नाही. माझ्या डोक्यात सहावी सायकल आकार घेऊ लागली होती. स्टँड हवा. कॅरिअर हवा. मडगार्ड हवेत. विजारीसाठी चेनकव्हर हवं. कुलूप लागणारी हवी, आणि कुलूप विसरलं तरी कुणी नेऊ नये इतकी साधी हवी. यादी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की ही सायकल मी एकशे वीस रुपयांना विकलेली आहे.

पेठेतल्या एका दुकानात तशीच एक मिळाली. चोवीस इंची, काळी, दोन हजार आठशे. पूर्वी तासावर भाड्यानं द्यायचे त्यातली असावी. मडगार्डवर पांढऱ्या रंगात पुसटसा 17 दिसतो. म्हणजे त्या दुकानदाराकडे किमान सतरा होत्या आणि त्याची बायको काही म्हणत नव्हती. मिस्त्रीनं मागचं चाक उचलून उलटं फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, ‘‘फ्रीव्हीलमधले कुत्रे गेलेत साहेब. बदलावे लागतील.’’ मी घरी फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल, कुत्रे बदलतोय. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

संध्याकाळी मी ती चालवत आणली. नळीवर हात ठेवून दारात उभा राहिलो आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो: आपल्याकडे एवढ्या असून खरं तर एकही नव्हती, वगैरे. बायको बाहेर आली. तिनं सायकलला एक चक्कर मारली. कॅरिअरची स्प्रिंग उचलून सोडली, ती खटकन बसली. स्टँडवर चढवून बघितली. मग आत जाऊन वही घेऊन आली, दारातच उभी राहिली आणि सहाव्या ओळीत लिहू लागली. मी मान लांब करून वाचलं. किंमत 2,800. शेवटच्या रकान्यात, आजवर कधी नव्हे ते, तिनं ‘किमी’ खोडून ‘किलो’ लिहिलं होतं.

अर्थ कळायला वेळ लागला नाही. आतून वॉकर सरकल्याचा आवाज आला. आई दारापर्यंत आली, सायकलकडे बघितलं, हँडलकडे बघितलं, घंटीची जागा रिकामी होती तिथे बोट ठेवलं, आणि परत वळून स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटांत गव्हाचा डबा दारात. वर झाकणाला फडकं बांधलेलं, त्याची गाठ तीच, जी वडिलांच्या वेळी मारायची.

मी डबा कॅरिअरवर चढवून रबरी पट्टा ताणत होतो, तोवर आतून ट्रिंग ट्रिंग झालं.

‘‘जरा जाडसर दळायला सांग रे. आणि दोन नंबर लागला असेल तर तिथेच थांब, इकडे तिकडे फिरू नकोस. मागच्या वेळी त्यानं ज्वारीवर घातलं होतं.’’

मी जिना उतरून खाली आलो, पायडलवर पाय ठेवला, तेवढ्यात गॅलरीतून दुसरा आवाज आला. ‘‘सिलिंडर संपत आलाय. उद्याचं बघ.’’